एनचं कुलूप

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी तक्रार करायला नको: मला फाडफाड इंग्रजी बोलता येत नाही. टीव्हीवर इंग्रजी बातम्या लागल्या की मी आवाज बंद करते आणि खालच्या पट्टीवरचं वाचते. पण येणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. माझ्या माहेरी विहिरीवर पोरांना पोहायला शिकवणारे एक आप्पा होते. दम्यामुळं ते स्वतः पाण्यात उतरत नसत, काठावर बसून नुसते ओरडायचे. तरी गावातली सगळी पोरं त्यांच्याच ओरडण्यावर पोहायला शिकली. मी त्यांच्याच जातकुळीतली.

जन्म गेला जिल्हा परिषदेच्या शाळेत, गंगापूर तालुक्यात. निवृत्त झाल्यावर हर्सूलला घराच्या ओसरीत, पत्र्याखाली, मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा क्लास सुरू केला. हर्सूल म्हटलं की आमच्या शहरात लोकांना आधी जेल आठवतं. माझा एक विद्यार्थी घरी सांगायचा, "दर रविवारी हर्सूलला जातो," तर त्याच्या मामेभावानं विचारलं, "आन् दर वेळी सोडतेत व्हय?" आमचे हे, म्हणजे माझे यजमान, एस.टी.तून निवृत्त झालेले. ते ओसरीच्या कोपऱ्यात पेपर घेऊन बसतात आणि येणाऱ्याला म्हणतात, "या, शिक्षा भोगायला या." पेपर नावाला असतो, कान सगळा क्लासकडं.

आता धंदा समजावून सांगते. लोकांना वाटतं, इंग्रजी येत नाही म्हणजे शब्द येत नाहीत. हे साफ खोटं आहे. शाळेत असताना एकदा मी पाचवीच्या वर्गाला विचारलं, "बी अक्षरावरून इंग्रजी शब्द सांगा." सगळा वर्ग चिडीचूप. उसाचे दिवस, निम्मी पोरं रानातून थेट शाळेत आलेली. मी चिडले. चिडणं हा माझा जुना आजार. म्हटलं, घरी मोटार बिघडली की तुझा बाप काय आणायला तालुक्याला जातो? एक मुलगी हळूच म्हणाली, "बेअरिंग." मी फळ्यावर लिहिलं. मग जे सुरू झालं ते थांबेना. बेल्ट, बोअर, बॅटरी, बल्ब, बोल्ट, बकेट, ब्लाउज, बिल. फळा भरला. पोरं फळ्याकडं बघत राहिली, कारण हे सगळं इंग्रजी आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी घरी येताना जीपमध्ये मला एवढा आनंद झाला होता की शेजारच्या बाईला मी उगाच माझी खिडकीची जागा दिली.

तीच रीत मी क्लासमध्ये आणली. एका आठवड्याला एक अक्षर. रविवारी अक्षर उघडायचं, आठवडाभर प्रत्येकानं आपापल्या कामाच्या ठिकाणी त्या अक्षराचे शब्द हुडकायचे आणि पुढच्या रविवारी दारात एक शब्द सांगून आत यायचं. शब्द कुठं सापडला तेही सांगायचं. पुस्तकातून उचललेला चालत नाही. शब्द नाही तर प्रवेश नाही, मग तो कुणीही असो. एकदा यजमान भाजी घेऊन आले तर त्यांनाही मी दारात थांबवलं. ते शांतपणे म्हणाले, "कॅबेज," आणि पिशवी हातात देऊन आत गेले.

आणि दुसरा नियम कुलपाचा. जे अक्षर अजून उघडलं नाही, त्याचा शब्द वर्गात बोलायचा नाही. हा नियम क्रूर आहे, मला मान्य आहे. पण त्याला कारण आहे. आपली माणसं चार-पाच शब्दांवर आयुष्य काढतात. यस, नो, सॉरी, थँक्यू, व्हेरी नाइस. यस म्हणून मान डोलवायची आणि सॉरी म्हणून सुटायचं. हे शब्द कुलपात ठेवले की माणूस कासावीस होतो, इकडं तिकडं हात मारतो आणि त्याला दुसरा शब्द सापडतो. द, टू, ऑफ, यू असल्या बारीकसारीक शब्दांना आम्ही चिल्लर म्हणतो. चिल्लरीला कुलूप नाही, नाहीतर वाक्यच उभं राहणार नाही.

पहिले काही आठवडे मजेचे असतात. बीपर्यंतच उघडलेलं असताना मी चहा देऊन विचारलं, कसा आहे? गुड नाही, नाइस नाही, टेस्टी नाही. अन्वरभाई रिक्षावाले बराच वेळ कप हातात धरून बसले आणि म्हणाले, "मॅडम, धिस चाय..." सी अजून बंद, म्हणून मी डोळे वटारले. "अच्छा अच्छा. अ ब्युटी." वेरूळला जाणाऱ्या परदेशी पाहुण्यांशी बोलता यावं म्हणून ते यायचे. सीच्या आठवड्यात त्यांनी दारातच क्लच, चेन, कार्बोरेटर, सिलिंडर असा सगळा पसारा मांडला. म्हणाले, "आधी अंग्रेजी तो हमको गाडी ने सिखाई, मॅडम. आप तो बाकी की सिखा रहे." मी रागावले नाही, कारण खरं होतं. एक्सच्या आठवड्यात सगळे एक्स-रेवरच येतात, पण आधीच्या तुकडीतल्या एका गृहस्थांनी बायकोच्या गुडघ्याचा खरा एक्स-रेच आणला. सगळ्या वर्गानं तो उजेडाला धरून पाहिला आणि ऑपरेशन करावं की नाही यावर तास संपला.

सगळं गोडगोड नव्हतं. एका अक्षराचे शब्द एकत्र शिकले की ते एकमेकांत गुंततात, हा माझ्या रीतीचा दोष आहे आणि शिकलेल्या लोकांनी मला तो तोंडावर सांगितला आहे. साडीच्या दुकानातल्या आमच्या एका मुलानं पुण्याच्या बाईंची स्तुती करायची म्हणून "आय हॅव अ कम्प्लेंट फॉर युवर साडी" असं छातीठोकपणे सांगितलं. त्याला म्हणायचं होतं कॉम्प्लिमेंट. बाई काही न घेता निघून गेल्या. तो पोरगा पुन्हा क्लासला आला नाही. त्याची मला अजून हळहळ वाटते.

आता प्रमिलाचं सांगते, कारण तिच्यासाठीच हे लिहायला बसले.

प्रमिला साळवे शेंद्र्याच्या एका कंपनीत गेटवर गार्ड होती. निळा शर्ट, पट्टा, केसांना घट्ट अंबाडा. राहायला आमच्याच भागात, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. नवरा लवकर गेला, मुलगी कॉलेजात. पहिल्या दिवशी ती आली आणि सगळे बसले तरी भिंतीला टेकून उभी राहिली. मी म्हटलं, बस की. तर म्हणाली, "सवय नाय मॅडम. दिवसभर उभंच राहायचं असतंय. गेटवर खुर्ची ठेवू देत नायत. बसलेला गार्ड दिसला की साहेबाला वाटतं झोपलाय."

मी विचारलं, इंग्रजी कशाला पाहिजे?

"बसायचं काम पाहिजे मॅडम मला," ती म्हणाली. "कंपनीत नवी बिल्डिंग व्हायलीय. तिथं पुढं टेबल असणार, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायला बाई पाहिजे. आतल्या माणसांना पण अर्ज करता येतो म्हणलेत. पण इंग्रजी पाहिजे." मग पँटचा पाय जरा वर करून तिनं मला पोटऱ्या दाखवल्या. निळ्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. "डॉक्टर म्हणले, उभं राहणं सोडा. मी म्हणलं, नोकरी सोडू का?"

मी कोपऱ्यातली यजमानांची आरामखुर्ची ओढत आणली आणि तिच्यासमोर ठेवली. हे पेपर घेऊन पायरीवर बसले. त्या दिवसापासून ती खुर्ची प्रमिलाची झाली.

ती शब्द आणायची ते सगळे गेटवरचे. बॅरिअर, चेकिंग, ड्रायव्हर, एंट्री, गेस्ट, हेल्मेट. आणि नियम पाळण्यात तर एवढी कडक की मलाच लाज वाटावी. मी स्वतः कधी घाईत न उघडलेल्या अक्षराचा शब्द बोलून जायची, तर ही खुर्चीतून हात वर करायची: "मॅडम, पास नाय." वर्ग हसायचा. गेटवर ज्याच्याकडं पास नाही त्याला आत सोडायचं नाही हेच तिचं आयुष्यभराचं काम. एकदा म्हणे तिनं कंपनीच्या मालकाच्या मेहुण्याला उन्हात उभं केलं होतं. यजमान म्हणाले, "ही तुझ्यापेक्षा खवट निघाली." त्यांना ती फार आवडायची.

एलचा आठवडा चालू होता. नव्या बिल्डिंगच्या मुलाखती दिवाळीनंतर म्हणून आम्ही निवांत होतो. झेडपर्यंत सगळं नीट होईल, मग मी तिची वेगळी तयारी करून घेणार होते. पण रविवारी ती आली ती दारातूनच म्हणाली, "मॅडम, मुलाखत झाली."

"कधी?"

"परवा. ड्युटीवर व्हते, फोन आला, आत्ताच वर या म्हणले. तशीच गेले. युनिफॉर्मवर."

बाहेरच्या खोलीत तिच्याबरोबर आणखी दोन मुली बसल्या होत्या, शहरातल्या, पदवीधर, भराभर बोलणाऱ्या. आत साहेब दक्षिणेकडचे, मराठी अजिबात नाही. मी म्हटलं, अगं मग बोललीस काय?

"जेवढी अक्षरं झालीत तेवढ्यात बोलले."

मला वाटलं ती थट्टा करतेय. पण प्रमिला थट्टा करत नाही. साहेबांनी विचारलं, हे काम कशाला पाहिजे? ही म्हणाली, "अ‍ॅट गेट, लेग्ज हर्ट. हिअर, चेअर." साहेबांनी घरचं विचारलं. "डॉटर इज इन कॉलेज." मग त्यांनी विचारलं, कुणी माणूस चिडून आला, पास नाही, आत सोडा म्हणून आरडाओरडा करतोय, तर काय कराल? प्रमिला मला ते जसंच्या तसं म्हणून दाखवत होती, हात मागं बांधून, पाय जुळवून: "फर्स्ट, आय ग्रीट. आय आस्क. इफ ही इज अँग्री, आय लिसन. आय कॅन्ट अलाउ, बट आय कॅन कॉल."

म्हणजे आधी नमस्कार करीन, विचारीन, चिडला असेल तर ऐकून घेईन. आत सोडता येणार नाही, पण फोन लावून देता येईल. ए ते एल. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

"आणि शेवटी? थँक्यू तरी म्हणालीस ना?"

"टी कुठं झालाय मॅडम? आय अ‍ॅम ग्रेटफुल म्हणलं आन् आले."

माझा पारा चढला. खरं सांगते, मी तिला सगळ्यांसमोर बोलले. म्हटलं, "अगं वेडे, तो खेळ होता. माझं कुलूप या ओसरीपुरतं. तुला यस येत होतं, नो येत होतं, सॉरी येत होतं, जन्मापासून येत होतं. तुझ्या पायाचा प्रश्न होता आणि तू तिथं माझा नियम पाळत बसलीस?"

ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही रागवा. पण मला लई भ्या वाटत व्हतं. तोंड कोरडं पडलं. मग म्हणलं, एवढी अक्षरं माझ्या गेटाच्या आतली हायत. ह्यातला एकेक शब्द मी तपासून आत घेतलाय. बाहेरचे किती बी असू देत, मला त्यांचा भरोसा नाय. मग भ्या गेलं."

तिनं दारात एलचा शब्दही दिला. लिफ्ट. नव्या बिल्डिंगमध्ये सापडला होता. वर जाताना पहिल्यांदा बसली होती म्हणे, म्हणजे उभीच होती. मी तिला आत घेतलं, पण तास कसा घेतला मला आठवत नाही. एका बाईची खुर्ची माझ्या खेळापायी गेली, हे डोक्यातून जाईना. यजमानांनी समजूत घातली की कंपनीवाले आधीच ठरवून बसलेले असतात. त्यानं काही बरं वाटलं नाही. पुढचे काही दिवस मला जेवण गोड लागलं नाही. एकदा मनात आलं की हा कुलपाचा नियमच मोडीत काढावा.

गुरुवारी तिचा फोन आला. मी भाजी चिरत होते, यजमानांनी उचलला आणि माझ्या कानाला लावला. ती म्हणाली, "मॅडम, खुर्ची मिळाली."

मी विळी बाजूला सरकवली. मग विचारलं, कशी काय? साहेबांनी तिला बोलावून सांगितलं होतं. इतर मुलींचं इंग्रजी छान होतं, पण चिडलेल्या माणसाचा प्रश्न आला की सगळ्यांचं उत्तर "नो" पासून सुरू झालं. नो सर, नॉट अलाउड, नॉट पॉसिबल. तुम्ही सबंध मुलाखतीत एकदाही नो म्हणाला नाहीत. पुढच्या टेबलावर असंच माणूस पाहिजे. शेजारी बसलेल्या एका मराठी बाईंनी हे तिला नीट समजावून सांगितलं. प्रमिला म्हणाली, "मी त्यांना सांगितलं नाय मॅडम, की एनचं कुलूप अजून उघडायचंय."

मी हसले आणि रडलेही. यजमान म्हणाले, आज भाजी राहू दे, मी बाहेरून मिसळ आणतो.

एमच्या रविवारी तिनं पेढे आणले आणि शब्द आणला, "मॉर्निंग." आता सकाळी जाऊन संध्याकाळी घरी, रात्रपाळी नाही. त्याच रविवारी मी फळ्यावर एन लिहिला. उघडताना मी म्हटलं, चला, आता नो म्हणायला सगळे मोकळे. अन्वरभाई म्हणाले, "या अल्ला, कितने दिन से रोक के रखा था," आणि ओसरीत मोठा हशा झाला. प्रमिला हसली नाही. ती फळ्याकडं बघत होती.

पुढच्या रविवारी सगळे शब्द घेऊन आले. नट, नेल, नंबर, नोटीस. प्रमिला शेवटी आली. निळ्या शर्टाऐवजी साडी, पण अंबाडा तोच. दारात उभी राहिली.

"शब्द?" मी विचारलं.

"नो," ती म्हणाली.

"कुठं सापडला?"

"सापडला नाय मॅडम. वापरला."

मंगळवारची गोष्ट. गेटवर तिच्या जागी नेमलेला माणूस आला नव्हता. गार्ड पुरवणाऱ्या ठेकेदाराचा सुपरवायझर तिच्या टेबलापाशी आला आणि जुन्या ओळखीनं म्हणाला, "प्रमिला, आजच्या दिवस गेटवर उभी राहा. तू तर आपलीच आहेस, इथं काय, फोन कुणी बी उचलील." यापूर्वी तो जे म्हणेल ते तिनं केलं होतं. डबल ड्युटी, सणाची ड्युटी, पाहुणे येणार म्हणून उन्हात हार घेऊन उभं राहणं.

"मी त्याला नो म्हणलं," प्रमिला म्हणाली.

"इंग्रजीत?"

"मराठीत मला कधी आलंच नाय ते. माहेरी नाय, सासरी नाय, गेटवर तर नायच. मराठीत म्हणायला गेले असते तर 'बरं' असंच निघालं असतं तोंडातून. ह्यो शब्द नवा व्हता. रविवारीच आपण आत घेतलेला. म्हणून निघाला."

अन्वरभाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. विद्यार्थ्यांसमोर रडायचं नाही हा माझा स्वतःचा नियम, म्हणून मी उगाच करड्या आवाजात विचारलं, "मग तो काय म्हणाला?"

"काय म्हणणार? बघत राहिला. मग दुसऱ्या कुणाला तरी फोन लावला."

"आणि तू?"

"मी बसून राहिले मॅडम," प्रमिला म्हणाली.

यजमान पायरीवरून उठले, आरामखुर्ची पंच्यानं पुसली आणि तिच्या नेहमीच्या जागी सरकवली. मी दारातून बाजूला झाले आणि म्हटलं, "ये आत. बस."